मैहरचे बँडमास्तर

गेल्या पावसाळ्यात एका देवस्थानच्या महाजनांच्या सभेस कायद्याचा सल्लागार या नात्याने हजर राहण्याचा प्रसंग आला. विषय साधाच होता. नगारखान्यातील सनईवाले वयाने थकले होते, त्यांच्या मुलांनी नोकऱ्या धरल्या होत्या, आणि पहाटेच्या चौघड्याऐवजी विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र विकत घ्यावे असा ठराव पुढे आला होता. एका वृद्ध गृहस्थांनी तेवढे विचारले की, गावातली चार मुले गोळा करून त्यांना ही वाद्ये शिकविता येणार नाहीत काय? त्यावर शेजारचे हसून म्हणाले, "ती विद्या रगतांत आसूंक जाय, बाब." सभेने माना डोलावल्या. यंत्राची किंमत काय आणि त्याची हमी किती वर्षांची, यावर पुढचा अर्धा तास खर्च झाला.

विद्या रक्तात असावी लागते, हा सिद्धान्त आपल्याकडे इतका सर्वमान्य आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. मला मात्र पुरावा मागण्याची खोड व्यवसायानेच लागलेली आहे. घरी परतताना मनात सारखे मैहरचे नाव येत राहिले. या सिद्धान्ताविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, त्याच्या बाजूचा थोडासा पुरावाही तिथेच आहे.

उस्ताद अल्लाउद्दीन खां यांचे नाव निघाले म्हणजे रसिकांच्या तोंडी ठरावीक मालिका येते. पुत्र अली अकबर, कन्या अन्नपूर्णादेवी, रविशंकर, निखिल बॅनर्जी, बासरीवाले पन्नालाल घोष. आपल्यापैकी कोणी असेल तर वायोलिनवादक विष्णु गोविंद जोग यांचेही नाव अभिमानाने जोडतो. इतके दिग्गज शिष्य एका माणसाच्या हाताखालून गेले, हे आश्चर्यच आहे आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हे सर्व शिष्य येण्यापूर्वी, आणि ते येऊन गेल्यानंतरही, मैहरमध्ये खांसाहेबांचे एक काम अखंड चालू होते, ते अनाथ मुलांचा बँड शिकविण्याचे. त्यांच्या चरित्रकारांना हे काम एका परिच्छेदापुरते वाटते. माझ्या मते त्यांच्या शिक्षकपणाची खरी कसोटी याच कामात आहे, आणि त्या कसोटीवर त्यांना पूर्ण गुण देता येत नाहीत म्हणूनच ती लावून पाहिली पाहिजे.

मैहर हे बघेलखंडातील एक छोटे संस्थान. गावाजवळच्या त्रिकूट टेकडीवर शारदामातेचे देऊळ आहे. हजाराहून अधिक पायऱ्या चढून यात्रेकरू वर जातात. राजा ब्रिजनाथसिंह यांनी १९१८ च्या सुमारास खांसाहेबांना दरबारी बोलाविले आणि स्वतः त्यांचे शिष्यत्व पत्करले. त्याच सुमारास साथीच्या रोगाने अनेक मुले पोरकी झाली होती. या मुलांच्या पोटापाण्याची व्यवस्था आणि संस्थानाला शोभेल असा बँड, या दोन गरजा एकत्र करून खांसाहेबांच्या स्वाधीन करण्यात आल्या. त्या काळी प्रत्येक लहानमोठ्या संस्थानिकाला पितळी वाद्यांचा, पलटणी थाटाचा बँड हवाच असे. मैहरला मिळाला तो निराळा: सतार, सरोद, वायोलिन, चेलो, हार्मोनियम, तबला, असे एकत्र बसविलेले देशी-विलायती वाद्यांचे कुटुंब, आणि ते वाजविणारी मुले अशी की ज्यांच्या घरी वाद्य तर नव्हतेच, घरही नव्हते.

मी मैहरला गेलो तो शारदेच्या दर्शनाला. संध्याकाळी तिथल्या संगीत महाविद्यालयात हा वृंद ऐकावयास मिळाला. वाजविणारे अर्थातच मूळचे नव्हते. त्यांच्यानंतरच्या पिढीचे होते. ऐकताना माझे लक्ष वारंवार एकाच वाद्याकडे जात होते, ते म्हणजे नळतरंग. संस्थानच्या शस्त्रागारातील जुन्या बंदुकांच्या नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून, चौकटीवर आडव्या मांडून, खांसाहेबांनी हे वाद्य सिद्ध केले. दोन काठ्यांनी त्यावर आघात करावयाचा. नाद कोरडा, लखलखीत, क्षणात विरणारा. जलतरंगाचा ओलावा त्यात नाही. बंदुकीचे वाद्य केले, यावर आजवर बरीच काव्यमय वाक्ये लिहिली गेली आहेत, त्यात मी भर घालीत नाही. मला त्यात दिसला तो शिक्षकाचा व्यवहार.

नळी एकदा कापली की तिचा स्वर कायमचा ठरला. त्यावर मींड घेता येत नाही, स्वर आंदोलित करता येत नाही. आपल्या संगीताच्या दृष्टीने हे मोठेच वैगुण्य होय. पण ज्याच्या कानाला अद्याप वळण लागलेले नाही अशा मुलाच्या दृष्टीने हाच मोठा आधार. त्याचा स्वर चुकूच शकत नाही. त्याने सांभाळायची ती फक्त लय. वृंदाच्या बंदिशी ऐकताना असे जाणवते की स्वरांतून ओढत न्यायची वाक्ये वायोलिन आणि चेलो यांच्या वाट्याला, छेडीचे काम सतार-सरोदीच्या वाट्याला, आणि सरळ, ठसठशीत स्वरपंक्ती नळतरंगाच्या वाट्याला आलेली आहे. म्हणजे रचना करतानाच रचनाकाराने, कोणाला काय झेपेल, याची वाटणी करून ठेवली आहे. मैफलीच्या संगीतात ही दृष्टी नसते. तिथे जो झेपवील तोच उभा राहतो. बाकीचे घरी जातात. वृंदात कोणालाच घरी पाठविता येत नव्हते.

रचना म्हणून या बंदिशींचे मूल्यमापन करावयाचे तर थोडे हात राखून बोलावे लागते. मुख्यतः एकच धुन सर्वांनी मिळून वाजवावी, मधूनमधून वाद्यांचे गट आलटूनपालटून पुढे यावेत, लय वाढत जावी आणि तिहाई घेऊन सर्वांनी एकदम समेवर यावे, असा त्यांचा सर्वसाधारण घाट. पाश्चात्त्य वृंदातील स्वरमेळाची भव्यता येथे नाही आणि आलापीतील बढतही नाही. राग ओळखू येतो, पण तो रेखाचित्रासारखा. रंग भरलेला नव्हे. तीन-चार रचना लागोपाठ ऐकल्या की एकाच साच्याची जाणीव होऊ लागते. ज्या माणसाने हेमंत आणि मदनमंजरीसारखे राग निर्माण केले, त्याची प्रतिभा येथे पूर्णपणे उतरलेली आहे असे मला म्हणवत नाही. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. तार, गज, फुंक, आघात अशा भिन्न प्रकृतीच्या वाद्यांना आपल्या स्वरस्थानांवर एकत्र आणणे हे अत्यंत बिकट काम आहे, आणि ते त्यांनी निरक्षर पोरांकडून करून घेतले.

हे त्यांना कोठून सुचले? उत्तर त्यांच्या उमेदवारीच्या वर्षांत सापडते. त्यांचा जन्म आजच्या बांगलादेशातील ब्राह्मणबाडिया भागातल्या शिबपूर गावचा. साल कोणते, हा वादाचा मुद्दा. काही १८६२ म्हणतात, काही १८८१. एकोणीस वर्षांचा फरक! असा साक्षीदार आमच्या न्यायालयात उभा राहिला तर उलटतपासणी तिथूनच सुरू व्हावयाची. घर शेतकऱ्याचे होते. वडील हौसेने सतार वाजवीत, थोरले बंधूही संगीतात रमलेले. तेव्हा घरात सूर नव्हता असे नाही. पण पिढीजात उस्तादांचे ते घराणे खचित नव्हे. पोरवयात घर सोडून ते कलकत्त्याला पळाले, अन्नछत्रात जेवले, रस्त्यावर झोपले. नूलो गोपाल यांच्यापाशी वर्षानुवर्षे स्वरसाधना केली. ते गुरू प्लेगने गेले तेव्हा गाणेच सोडून वाद्यांकडे वळले. स्वामी विवेकानंदांचे आप्त अमृतलाल उर्फ हाबू दत्त हे नाटकगृहाच्या वाद्यवृंदाचे चालक. त्यांच्या हाताखाली त्यांनी अनेक वाद्ये हाताळली.

आणि याच काळात त्यांना एक गोमंतकीय गुरू भेटला. कलकत्त्यातील ख्रिस्ती बँडमास्तर लोबो यांच्यापाशी ते पाश्चात्त्य पद्धतीचे वायोलिन शिकले. खांसाहेबांच्या चरित्रात हे नाव ओझरते येते आणि निघून जाते. गोव्याच्या वाचकाने मात्र तिथे क्षणभर थांबले पाहिजे. आमच्या चर्चच्या शाळांतून कित्येक शतके सामान्य घरच्या मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि वायोलिन वाजवावयास शिकविले जात असे. त्या मुलाचा बाप वादक होता की नांगरधरी, हे तिथे कोणी विचारीत नसे. पुढे ब्रिटिश पलटणींचे आणि संस्थानिकांचे बँड, मुंबई-कलकत्त्याची नाटकगृहे आणि मूकपटांची चित्रगृहे, सर्वत्र गोमंतकीय वादक दिसू लागले ते याच शिक्षणाच्या बळावर. लोबो स्वतः कोठे शिकले याची चर्चा मी करीत नाही. पण बँडमास्तर म्हणजे काय, तर रांगेतल्या प्रत्येकाला तयार करणारा माणूस, हा धडा अल्लाउद्दीन खां यांनी दरबारी उस्तादांपाशी नव्हे, अशा बँडमास्तरांपाशी गिरविला असावा, हे अनुमान मला अटळ वाटते.

कारण दरबारी उस्तादांपाशी त्यांना नेमका उलट धडा मिळाला. रामपूरचे वजीर खां हे तानसेनाच्या वंशपरंपरेतले बीनकार. त्यांच्या दाराशी अल्लाउद्दीन खां यांनी किती काळ आणि किती अपमान सोसून तिष्ठत काढला, त्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. अखेर गुरू प्रसन्न झाले, बीनेची सारी विद्या दिली, पण ती सरोद आणि सूरशृंगार यांवर वाजवावी अशा अटीवर. बीन मात्र घराण्याबाहेर जावयाची नाही! आमच्या सभेतील त्या गृहस्थांचे वाक्य रामपूरच्या दरबारात किती अस्खलित वठले असते.

येथवर खांसाहेबांची बाजू मांडली. आता विरुद्ध बाजू. मैहरला त्यांच्यापाशी शिकणाऱ्यांचे दोन वर्ग होते. घरात बसून शिकणारे आणि बँडात बसून शिकणारे. घरातल्यांना आलाप मिळाला, जोड मिळाला, रात्रंदिवसाचा रियाज मिळाला, ध्रुपद अंगाची सारी संपत्ती मिळाली. बँडातल्यांना धुन मिळाली. आज मैहर घराण्याची म्हणून जगाला जी नावे ठाऊक आहेत, त्यांत त्या अनाथ मुलांपैकी कोणाचे नाव सापडत नाही. रविशंकर बॅरिस्टरांचे चिरंजीव होते. ते मैहरला आले तेव्हा बंधूंच्या नृत्यपथकातून सारे युरोप पाहून आलेले होते. गुणांत ते थोर होते यात शंका नाही. पण बँडातल्या एखाद्या पोरातही तसा गुण असेल तर तो शोधून घरात आणण्याची काही वाट होती काय? मला ती दिसत नाही. म्हणजे बीन राखून ठेवणाऱ्या वजीर खांचा शिष्य या बाबतीत आपल्या गुरूपासून फारसा दूर गेला नाही. रक्ताचा निकष त्याने मोडला. पण घर आणि ओसरी हा भेद ठेवला.

दुसरा मुद्दा त्यांच्या कोपाचा. अली अकबरांना किती कठोर शासन झाले आणि रियाज चुकला की काय होई, हे त्यांच्या शिष्यांनीच सांगून ठेवले आहे. या कथा आपण मोठ्या कौतुकाने सांगतो, जणू मार हाच विद्येचा एक प्रकार. एकदा ते रविशंकरांना, जा, बांगड्या विकत घेऊन हातात भर, असे म्हणाले. रविशंकर सामान बांधून निघाले. मग समजूत घालून त्यांना परत आणण्यात आले, आणि पुन्हा त्यांच्यावर असा शब्द टाकला गेला नाही. ही हकीकत मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा माझ्या मनात बँडातला पोर येतो. त्याने सामान बांधून जावयाचे कोठे? ज्याला निघून जाता येत नाही त्याच्यावर रागावण्याचा अधिकार फार जपून वापरावयाचा असतो. खांसाहेबांनी तो कसा वापरला हे त्या मुलांच्या तोंडून लिहून घेतले गेले असते तर या लेखाची तितकी गरज उरली नसती.

लिहून घेण्यावरून तिसरा मुद्दा निघतो. ज्या १९१८ साली मैहरचा वृंद जुळत होता, त्याच साली ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी माधव संगीत विद्यालय उभे केले. दोन्ही प्रयोगांमागचा प्रश्न एकच, की ही विद्या घराण्याच्या भिंतीबाहेर पुष्कळांना एकदम कशी द्यावी. उत्तरे मात्र परस्परविरुद्ध. भातखंडे आमच्या व्यवसायातले. कराचीस त्यांनी वकिली केलेली. त्यांचा भरवसा दस्तऐवजावर. ग्वाल्हेरच्या राजाभैया पूछवाले यांच्यासारख्या गुणी गायकांना त्यांनी प्रथम आपली स्वरलिपी शिकविली आणि मग शिक्षक म्हणून उभे केले. बंदिशी मिळवून, पारखून त्या मराठीतील क्रमिक पुस्तकांत छापून काढल्या. आज मैहरचाच काय, कोठलाही विद्यार्थी ती पुस्तके उघडू शकतो. खांसाहेबांचा सारा भरवसा कानावर आणि पाठांतरावर. वृंदाच्या रचनांची, कोणत्या वाद्याने कोठे यावे याची, ग्वाल्हेरच्या पोथीशी तुलना करता येईल अशी छापील पोथी मैहरातून निघाली नाही. जे टिकले ते माणसांच्या बोटांत टिकले. माणूस गेला की तेवढे पान गळाले.

वकील म्हणून माझा कौल भातखंड्यांकडे पडावयास हवा. पण तो पुरता पडत नाही. क्रमिक पुस्तकांनी विद्यालये भरली, परीक्षा भरल्या, पदव्या वाटल्या गेल्या. परंतु त्यांतून उत्तीर्ण झालेल्या किती जणांना चार माणसांबरोबर एका लयीत बसून वाजविता येते? मैहरच्या पोरांना अक्षरओळख नसेल, एकमेकांकडे कान देण्याची सवय पक्की होती. दुसऱ्याचा स्वर ऐकून आपला लावणे, आपली पाळी नसताना गप्प राहणे, चुकलेल्या शेजाऱ्याला लयीतून सावरून घेणे, हे पुस्तकात लिहिता येत नाही. मैफलीच्या शिक्षणात ते साथीदाराकडे सोपविलेले असते आणि साथीदाराला आपण मान किती देतो, हे सर्वांस ठाऊक आहे.

संस्थान १९४८ साली विलीन झाले. राजाश्रय गेला, वृंद सरकारच्या छत्राखाली आला. खांसाहेबांनी १९५५ साली मैहरला संगीत महाविद्यालय काढले. पद्मभूषण १९५८ साली आणि पद्मविभूषण १९७१ साली मिळाले, आणि ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथेच त्यांचा देहान्त झाला. पाच वेळच्या नमाजाबरोबर शारदेची भक्ती करणारा हा माणूस अर्धशतकाहून अधिक काळ एका आडगावात राहिला. त्यातला किती वेळ थोर शिष्यांसाठी गेला आणि किती पोरांच्या तालमीत, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. निघून जाण्याची निमंत्रणे त्यांना कमी नव्हती. उदयशंकरांच्या पथकाबरोबर ते १९३५ साली युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि परत मैहरलाच आले.

आता पुन्हा आमच्या सभेकडे. आमच्या देवळांतील सनई, सूर, नगारा, शामेळ, झांज यांची विद्या ज्या घरांत होती त्या घरांना आपण सेवेकरी म्हटले. पालखीपुढे त्यांना चालविले, पंगतीत वेगळे बसविले. त्यांच्या मुलांनी आज ही विद्या नाकारली तर ती त्यांच्या रक्तातून गेली म्हणून नव्हे. रक्ताच्या नावावर आपण त्यांना जिथे बसविले ती जागा त्यांना नको आहे, म्हणून. आणि इतर घरांतील मुलांना आपण ती कधी देऊ केलीच नाही. मैहरने एवढे सिद्ध केले आहे की ज्याच्या सात पिढ्यांत वाद्य नव्हते तो पोरही स्वरात आणि लयीत उभा राहू शकतो, जर शिकविणाऱ्याने त्याला झेपेल असा स्वर आधी त्याच्या हाती ठेवला आणि रोज त्याच्याबरोबर बसला तर. तो अली अकबर होईल असे मैहरने सिद्ध केलेले नाही. पण पहाटेच्या चौघड्याला अली अकबर लागत नाही.

यंत्राचा ठराव अद्याप मंजूर झालेला नाही. दोन दुकानदारांची दरपत्रके यावयाची आहेत. मधल्या काळात मी त्या वृद्ध सनईवाल्यांच्या घरी जाऊन आलो. आठवड्यातून तीन संध्याकाळ, कोणाचेही मूल आले तरी शिकवीन, म्हणाले. फक्त शिकवणी नगारखान्याखाली अंगणात नको, सभामंडपात बसून व्हावी, आणि मुलांना व त्यांना चटई एकच असावी. ही अट मी पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत शब्दशः घालण्यास चिटणिसांना सांगितले आहे.